साडेआठ हजारांचा ५जी फोन: पैसे कुठे वाचवलेत आणि त्याचा फटका तुम्हाला बसेल का?

५जी, ५० मेगापिक्सेल कॅमेरा, १२० हर्ट्झची स्क्रीन, दिवसभर पुरणारी बॅटरी आणि किंमत दहा हजारांच्या आत. अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न पडतो, एवढ्या कमी पैशांत कंपनीला हे सगळं परवडतं कसं?

उत्तर सोपं आहे. कुठेतरी काटछाट केलेली असते. जे दिलंय ते बॉक्सवर मोठ्या अक्षरांत छापतात. जे कमी केलंय ते वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं, किंवा नसतंच. म्हणून स्वस्त फोन चांगला की वाईट असं विचारून फारसं काही कळत नाही. विचारायचं ते असं: पैसे कुठे वाचवलेत आणि ती काटछाट माझ्या वापराच्या आड येते का?

हे समजून घेण्यासाठी एक खराखुरा फोन समोर ठेवूया. शाओमीचा 'रेडमी ए४ ५जी'. २० नोव्हेंबर २०२४ रोजी तो भारतात आला. हाच फोन निवडण्याचं कारण म्हणजे त्याच्या नावातच ५जी आहे, आणि नेमकी तिथेच एक मोठी गोम आहे. ती माहीत नसेल तर फोन घेऊन आल्यावर 'माझ्या मोबाइलवर ५जी का दिसत नाही?' असं विचारत बसावं लागतं.

एका नजरेत रेडमी ए४ ५जी

- बाजारात येतानाची किंमत: ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजला ८,४९९ रुपये, ४ जीबी आणि १२८ जीबीला ९,४९९ रुपये
- प्रोसेसर: क्वालकॉम स्नॅपड्रॅगन ४एस जेन २
- स्क्रीन: ६.८८ इंच, एलसीडी, एचडी प्लस (७२० × १६४० पिक्सेल), १२० हर्ट्झ
- कॅमेरा: मागे ५० मेगापिक्सेल, पुढे ५ मेगापिक्सेल
- बॅटरी: ५,१६० एमएएच, १८ वॉट चार्जिंग, टाइप-सी पोर्ट
- सॉफ्टवेअर: अँड्रॉइड १४वर आधारित हायपरओएस
- इतर: बाजूच्या बटणात फिंगरप्रिंट, इअरफोनसाठी ३.५ मिमी जॅक, मेमरी कार्डची सोय

ऑनलाइन सेल, बँक ऑफर आणि एक्सचेंजमुळे किंमत वरखाली होत राहते. त्यामुळे 'आज किती सूट आहे' यापेक्षा मूळ किंमत आणि त्यात काय मिळतं हे पाहणं बरं.

५जी आहे, पण कोणतं?

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तेव्हा दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वेगळे रस्ते धरले.

जिओने 'एसए', म्हणजे स्टँडअलोन पद्धत निवडली. यात ५जीचं नेटवर्क स्वतंत्र असतं. टॉवरपासून मागच्या मुख्य यंत्रणेपर्यंत सगळं ५जीचं.

एअरटेलने सुरुवात 'एनएसए', म्हणजे नॉन-स्टँडअलोन पद्धतीने केली. यात ५जी आधीपासून असलेल्या ४जी नेटवर्कच्या आधाराने चालतं. फोन एकाच वेळी ४जी आणि ५जी अशा दोन्ही सिग्नलना जोडलेला राहतो. कंपनीला जुनी यंत्रणा वापरता येते आणि ५जी लवकर पसरवता येतं.

ग्राहकाला या दोन्हींत वरवर काही फरक जाणवत नाही. फोनमधल्या चिपला मात्र जाणवतो. दोन्ही पद्धती पेलायच्या तर चिपला जास्त काम करावं लागतं आणि ती महाग पडते.

क्वालकॉमने जुलै २०२४मध्ये स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ ही चिप जाहीर केली, तीच मुळी शंभर डॉलरच्या आतल्या ५जी फोनसाठी. किंमत खाली आणण्यासाठी जी काटछाट केली, त्यातली एक म्हणजे ही चिप फक्त एसए पद्धतीचं ५जी चालवते. एनएसए तिला जमत नाही.

याचा अर्थ काय?

- सिम जिओचं असेल आणि तुमच्या भागात जिओचं ५जी असेल, तर रेडमी ए४वर ५जी चालेल.
- सिम एअरटेलचं असेल आणि तुमच्या भागात एअरटेलचं ५जी एनएसए पद्धतीचं असेल, तर फोन ४जीवरच राहील. कॉल लागतील, व्हॉट्सॲप चालेल, यूट्यूब चालेल, पण '५जी'ची खूण दिसणार नाही.

हा फोनमधला बिघाड नाही. सेटिंगमध्ये काही बदलून, फोन रिसेट करून किंवा सिम बदलून घेऊन यात फरक पडत नाही. एअरटेलने तुमच्या भागात ग्राहकांच्या मोबाइलसाठी एसए सुरू केलं, तरच चित्र बदलू शकतं. ते कधी होईल यावर आजची खरेदी अवलंबून ठेवू नये.

हीच चिप 'पोको सी७५ ५जी' या फोनमध्येही आहे. तो डिसेंबर २०२४मध्ये ७,९९९ रुपयांना आला. नाव वेगळं आणि किंमत थोडी कमी असली, तरी मर्यादा तीच. उलट मीडियाटेकच्या डायमेन्सिटी ६१००+ या चिपवर एसए आणि एनएसए दोन्ही चालतं. 'रेडमी १३सी ५जी'मध्ये ती होती, पण तो फोन थोडा महाग होता. म्हणजे हजार-दोन हजारांचा जो फरक असतो, त्यामागे असं काहीतरी असतं.

हे आधी कसं ओळखायचं? कंपनीच्या वेबसाइटवर त्या फोनच्या पानावर 'नेटवर्क' असा भाग असतो. तिथे इंग्रजीत 'एसए' आणि 'एनएसए' ही दोन्ही अक्षरं आहेत का ते पाहा. फक्त 'एसए' असेल तर वरची गोष्ट लागू होते. पण सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे दुकानातल्या डेमो फोनमध्ये आपलं स्वतःचं सिम घालून पाहणं. त्यासाठी त्या भागात तुमच्या कंपनीचं ५जी असायला हवं, एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक मुद्दा रिचार्जचा. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर अमर्याद ५जी डेटा मुख्यतः रोज २ जीबी किंवा त्याहून जास्त डेटा देणाऱ्या प्लॅनवर मिळू लागला. तुम्ही त्याहून लहान प्लॅन वापरत असाल, तर ५जी फोन घेऊनही रोजचा डेटा तेवढाच राहतो. ५जीसाठी म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी आपला प्लॅन एकदा पाहून घ्या.

रॅम आणि स्टोरेज: '८ जीबी रॅम'चा अर्थ

या फोनची रॅम ४ जीबी आहे. जाहिरातीत मात्र '८ जीबीपर्यंत रॅम' असंही वाचायला मिळतं. इथे ४ जीबी खरी रॅम आणि ४ जीबी 'व्हर्च्युअल' रॅम, अशी बेरीज केलेली असते.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे मागची कोठीची खोली असं समजा. ओटा लहान असेल तर काही भांडी कोठीत नेऊन ठेवता येतात आणि लागतील तेव्हा आणता येतात. पण दर वेळी ये-जा करावी लागते. व्हर्च्युअल रॅमचं तसंच आहे. स्टोरेजचा काही भाग रॅमसारखा वापरला जातो, पण तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असतो. शिवाय तेवढं स्टोरेज कमी होतं. त्यामुळे फोनची तुलना करताना 'प्लस'च्या आधीचा आकडा धरायचा. इथे तो ४ आहे.

४ जीबीत व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूपीआय, यूट्यूब आणि मॅप ही रोजची कामं होतात. पण एका ॲपमधून दुसऱ्यात गेल्यावर पहिलं ॲप पुन्हा सुरुवातीपासून उघडणं, ही गोष्ट अधूनमधून होणार. अर्धवट भरलेला ऑनलाइन फॉर्म ओटीपी पाहून येईपर्यंत पुसला जाणं हा याचाच त्रास. मोठे गेम खेळणाऱ्यांनी इथे फार अपेक्षा ठेवू नये.

आता जमेची बाजू. या फोनमध्ये यूएफएस २.२ प्रकारचं स्टोरेज आहे. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी ५.१ नावाचं जुनं आणि मंद स्टोरेज असतं. फोन वर्षभरात 'हँग' व्हायला लागतो, त्यामागे बऱ्याचदा प्रोसेसरपेक्षा हे मंद स्टोरेज असतं. ॲप उघडणं, गॅलरीत फोटो येणं, अपडेट बसणं यात यूएफएसचा फरक जाणवतो. बॉक्सवर याची फारशी जाहिरात नसते, पण या किमतीत ही खरोखर चांगली गोष्ट आहे.

६४ की १२८? शक्य असेल तर हजार रुपये जास्त देऊन १२८ घ्यावा. ६४ जीबीतला मोठा हिस्सा अँड्रॉइड आणि आधीपासून बसवलेली ॲप खातात. उरलेल्या जागेत घरच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवरचे फोटो, व्हिडिओ साठत जातात. मेमरी कार्डवर फोटो ठेवता येतात, पण ॲप बहुतेक फोनच्याच स्टोरेजमध्ये राहतात. स्टोरेज गच्च भरलं की चांगला फोनही रडायला लागतो.

स्क्रीन: मोठी आहे, पण बारीक पाहिली तर?

६.८८ इंच म्हणजे खूपच मोठी स्क्रीन. अक्षरं मोठी करून वाचणाऱ्या ज्येष्ठांना, मुलांच्या ऑनलाइन तासांना, क्रिकेट पाहायला ती सोयीची आहे. १२० हर्ट्झमुळे रील किंवा बातम्या वर सरकवताना हालचाल गुळगुळीत दिसते.

काटछाट झाली आहे पिक्सेलमध्ये. ७२० × १६४० पिक्सेल एवढ्या मोठ्या स्क्रीनवर पसरले की एका इंचात साधारण २६० पिक्सेल येतात. फुल एचडी प्लस स्क्रीनच्या फोनमध्ये हा आकडा ४००च्या आसपास असतो. देवनागरी वाचणाऱ्यांना हा फरक जास्त जाणवू शकतो. बारीक टाइपातली जोडाक्षरं, रफार, अनुस्वार कमी पिक्सेलच्या स्क्रीनवर थोडे पुसट दिसतात. पीडीएफमधला सातबारा किंवा शाळेची नोटीस वाचताना झूम करावं लागेल.

दुसरा मुद्दा उन्हाचा. कंपनीच्या माहितीनुसार स्क्रीनचा प्रकाश जास्तीत जास्त ६०० निट्सपर्यंत जातो. घरात, ऑफिसात हे भरपूर झालं. भर दुपारी उघड्यावर मात्र तुम्हाला हाताची सावली करून पाहावं लागेल. डिलिव्हरीचं काम करणारे आणि रिक्षा चालवणारे यांच्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा. ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतातूनच पिकाचा फोटो टाकणाऱ्या शेतकऱ्यांसाठीही तेवढाच. अशांनी दुकानाच्या दाराबाहेर, उन्हात जाऊन स्क्रीन पाहावी. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच फोन छान दिसतात.

आकार आणि वजनाचाही विचार करा. हा फोन सुमारे २१२ ग्रॅमचा आहे. लहान हातांना एका हाताने वापरणं जड जातं आणि शर्टाच्या खिशात तो डोकावत राहतो.

कॅमेरा: ५० मेगापिक्सेल म्हणजे किती?

मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो चांगला, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. फोटोचा दर्जा सेन्सरचा आकार, लेन्स आणि फोटोवर प्रक्रिया करणारी चिप यांवर ठरतो.

५० मेगापिक्सेलचा कॅमेरा रोजच्या वापरात चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो काढतो. अंधारात थोडा जास्त प्रकाश पकडता यावा म्हणून ही युक्ती असते. ५० मेगापिक्सेलचा पूर्ण फोटो काढण्याची वेगळी सोय असते, पण तो जास्त जागा खातो आणि कमी उजेडात बऱ्याचदा बरा येत नाही.

फोनच्या मागे मोठ्या वर्तुळात एकापेक्षा जास्त लेन्स दिसतात. कामाचा कॅमेरा त्यातला एकच आहे. संपूर्ण ग्रुप फ्रेममध्ये बसवणारा अल्ट्रावाइड कॅमेरा नाही, लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्सही नाही. स्वस्त फोनच्या पाठीवर किती वर्तुळं आहेत, हे मोजून काहीच कळत नाही.

मग फोटो कसे येतात? दिवसा, भरपूर उजेडात सोशल मीडियावर टाकण्याजोगे येतात. कागदपत्रांचे फोटो, क्यूआर कोड ही कामं सहज होतात. संध्याकाळनंतर, लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गणपतीच्या मिरवणुकीत हलणारी माणसं पुसट येणार. व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच होतो. आणि ५ मेगापिक्सेलचा पुढचा कॅमेरा व्हिडिओ कॉलपुरता ठीक आहे. ज्यांचा सगळा कारभार सेल्फी आणि रीलवर आहे, त्यांची इथे निराशा होईल.

बॅटरी: भक्कम. चार्जर: आकड्याचा खेळ

बॅटरी हा या फोनचा सगळ्यात सरळ गुण आहे. ५,१६० एमएएचची बॅटरी, कमी पिक्सेलची स्क्रीन आणि ४ नॅनोमीटर तंत्रावर बनलेली, वीज जपून वापरणारी चिप, असं तिघांचं जमतं. साधारण वापरात दिवस आरामात निघतो. लोडशेडिंग असलेल्या भागात किंवा दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

बॉक्समध्ये मात्र ३३ वॉटचा चार्जर येतो आणि फोन घेतो १८ वॉट. चार्जर कितीही मोठा असला तरी फोन त्याच्या क्षमतेइतकीच वीज ओढतो. त्यामुळे '३३ वॉट' वाचून फोन तासाभरात भरेल असं समजू नका. एवढी बॅटरी १८ वॉटने पूर्ण भरायला दोन तासांच्या आसपास वेळ धरून चालावं. तरीही चार्जर बॉक्समध्ये मिळतो हीच सोय मानायची. आता अनेक फोनबरोबर तो येत नाही आणि वरचा खर्च ग्राहकाला करावा लागतो.

सॉफ्टवेअर: न दिसणारी एक्सपायरी डेट

औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. फोनलाही अशीच एक मुदत असते, फक्त ती छापत नाहीत. ती म्हणजे सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार.

रेडमी ए४साठी कंपनीने दोन मोठे अँड्रॉइड अपडेट आणि चार वर्षं सुरक्षा अपडेट देण्याचं सांगितलं आहे. या किमतीत हे चांगलंच म्हणायचं. पण एक बारकावा आहे. ही वर्षं साधारणपणे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही तो विकत घेतल्यापासून नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या फोनची चार वर्षं २०२८च्या अखेरीस संपतात. तोच फोन कोणी दोन वर्षांनी 'मोठी सूट' म्हणून घेतला, तर हाती उरतात दोनच वर्षं.

अपडेट संपले म्हणून फोन बंद पडत नाही. व्हॉट्सॲपसारखी ॲप जुन्या अँड्रॉइडवर बरीच वर्षं चालतात. अँड्रॉइड ४.४ २०१३मध्ये आलं आणि व्हॉट्सॲपने त्याची साथ सोडली ती थेट जानेवारी २०२५मध्ये. धोका वेगळा आहे. ज्या फोनवर बँक, यूपीआय, आधार आणि डिजिलॉकर सगळं आहे, त्यातल्या नव्याने सापडलेल्या त्रुटी बुजवणं थांबतं.

शाओमीच्या स्वस्त फोनमधली आणखी एक सवयीची गोष्ट म्हणजे आधीपासून बसवलेली ॲप आणि जाहिराती. फोनच्या कमी किमतीचा काही भाग कंपन्या अशा मार्गाने भरून काढतात. यातली बरीच ॲप काढता येतात. सुरुवातीला फोन सेट करताना येणाऱ्या प्रत्येक 'परवानगी द्या'ला डोळे मिटून होकार न देणं आणि जाहिरातींच्या सूचना सेटिंगमधून बंद करणं, ही दहा मिनिटांची कामं पहिल्याच दिवशी करावीत. घरातल्या ज्येष्ठांना फोन देणार असाल तर ही कामं तुम्हीच करून द्या. नकोशी सूचना दाबून भलत्याच पानावर पोहोचण्याचा धोका त्यांना जास्त असतो.

हिशेब: जमा आणि खर्च

जमेच्या बाजू:

- बॅटरी मोठी आणि टिकाऊ, चार्जर बॉक्समध्ये
- वेगवान प्रकारचं स्टोरेज
- मोठी, गुळगुळीत चालणारी स्क्रीन
- किमतीच्या मानाने लांब मुदतीचे सुरक्षा अपडेट
- इअरफोन जॅक, मेमरी कार्ड, फिंगरप्रिंट या साध्या पण उपयोगी सोयी

लंगड्या बाजू:

- ५जी फक्त एसए पद्धतीचं
- रॅम ४ जीबीच
- स्क्रीनवर पिक्सेल कमी, उन्हात वाचायला त्रास
- कमी उजेडात कॅमेरा साधारण, पुढचा कॅमेरा अगदी कामापुरता
- चार्जिंग संथ, फोन मोठा आणि जड
- एनएफसी नाही. क्यूआर स्कॅन करून यूपीआय वापरणाऱ्या बहुतेकांना त्याची उणीव भासणार नाही

कोणी घ्यावा, कोणी टाळावा?

जिओचं सिम, भागात ५जी, कामं मुख्यतः कॉल, व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि यूपीआय, असं असेल तर हा फोन पैसे वसूल करतो. आईबाबांचा पहिला स्मार्टफोन, शाळकरी मुलांच्या अभ्यासाचा फोन किंवा कामावरचा दुसरा फोन म्हणून तो चांगला आहे.

एअरटेलचं सिम असेल आणि फोन घेण्याचं मुख्य कारणच ५जी असेल, तर हा फोन तुमच्यासाठी नाही. थोडं बजेट वाढवून दोन्ही पद्धती चालणारा फोन पाहा. ५जीची घाई नसेल, तर एअरटेलच्या ग्राहकालाही तो चांगला ४जी फोन म्हणून चालेल. मात्र मग तुलना याच किमतीतल्या ४जी फोनशीही करा. ४जी फोनमध्ये त्याच पैशांत जास्त रॅम किंवा बरी स्क्रीन मिळू शकते.

गेम, रील बनवणं किंवा रात्रीचे फोटो या गोष्टी रोजच्या असतील तर कोणताच साडेआठ हजारांचा फोन समाधान देणार नाही.

स्वस्त की परवडणारा?

किमतीला महिन्यांनी भागून पाहा. ९,४९९ रुपयांचा फोन चार वर्षं वापरला तर महिना साधारण १९८ रुपये पडतात. ८,४९९चा फोन स्टोरेज भरल्यामुळे दोन वर्षांत बदलावा लागला, तर महिना ३५४ रुपये. हजार रुपये वाचवणारा सौदा असा महाग पडू शकतो.

हाच हिशेब दुरुस्तीलाही लावा. फोन घेण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्क्रीन बदलण्याचा खर्च विचारून ठेवा. स्क्रीन फुटणं किंवा पाण्यात पडणं हे नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. म्हणून कव्हर आणि काच लावण्याचे दोन-तीनशे रुपये किमतीत धरूनच चला.

दुकानात दहा मिनिटांत काय तपासाल?

कोणताही बजेट फोन घेताना ही यादी कामी येईल.

१. डेमो फोनमध्ये आपलं सिम घाला. नेटवर्क कोणतं येतं ते पाहा आणि एक कॉल लावून आवाज ऐका.

२. फोन दुकानाबाहेर नेऊन उन्हात एखादी मराठी बातमी वाचून पाहा.

३. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात हलणाऱ्या माणसाचा फोटो काढा.

४. चार-पाच ॲप एकामागोमाग उघडा आणि पहिल्या ॲपवर परत या. ते जिथे होतं तिथेच आहे का?

५. सेटिंगमध्ये रिकामं स्टोरेज किती उरलंय ते पाहा.

६. सिमचा ट्रे बाहेर काढून पाहा. दोन सिम आणि मेमरी कार्ड एकाच वेळी बसतात का, की दुसऱ्या सिमची जागा कार्डाला द्यावी लागते?

७. फोन बाजारात कधी आला आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं, हे शोधून उरलेली वर्षं मोजा.

८. पक्कं बिल घ्या आणि त्यावरचा आयएमईआय क्रमांक फोनच्या क्रमांकाशी जुळवा. \*#०६# डायल केलं की क्रमांक स्क्रीनवर येतो.

शेवटचा मुद्दा वापरलेला फोन घेताना तर अजिबात सोडू नका. 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ या क्रमांकावर पाठवला की त्या फोनची नोंद कळते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हीच सोय आहे. क्रमांक काळ्या यादीत असेल किंवा आधीच वापरात असलेला दुसऱ्या फोनचा निघाला, तर कितीही स्वस्त असला तरी तो फोन नको.

या यादीतली पहिली तपासणी सगळ्यात सोपी आहे आणि बहुतेक जण तीच विसरतात. घरात कोणी ५जी फोन घ्यायला निघालं असेल, तर दुकानात जाण्याआधी एवढंच विचारा: सिम कोणतं आहे?